स्क्विड : एका मध्यस्थ प्रोग्रामच्या दुरुस्तीचा इतिहास

१/
२०२३ साली स्क्विड नावाच्या प्रोग्रामची सहावी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यातून एक भाग कायमचा वगळलेला होता. ‘गोफर’ पद्धतीने माहिती आणून देणारा तो भाग. गोफर म्हणजे १९९१ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जन्मलेली यंत्रणा. वेबची समकालीन आणि काही काळ तिची प्रतिस्पर्धी. एकविसाव्या शतकात ती जवळजवळ विस्मृतीत गेली. तरीही तिच्यासाठी लिहिलेला कोड जगभरच्या सर्व्हरांवर जागा राहिला, आणि त्याच्यातले दोष एकामागून एक बाहेर येत राहिले. तो कोड तिथे आला कसा आणि इतका काळ टिकला कसा, हे समजून घ्यायचे तर तीन दशके मागे जावे लागते.

२/
प्रथम प्रॉक्सी म्हणजे काय, ते पाहू. बाजार समितीत शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये अडत्या असतो. तसा हा वापरकर्ता आणि वेबसाइट यांच्यामधला अडत्या. एखाद्या संस्थेतील संगणक बाहेरच्या जगाशी थेट बोलत नाहीत. ते प्रॉक्सीकडे मागणी करतात, प्रॉक्सी बाहेरून पान आणतो, आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवून देतो. तेच पान दुसऱ्याने मागितले की ती साठवलेली प्रत पुढे करतो. या साठ्याला ‘कॅश’ म्हणतात. महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात ‘प्रवेश नाकारला आहे’ असे सांगणारे पान ज्यांनी पाहिले असेल आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘स्क्विड’ हे नाव वाचले असेल, त्यांची या अडत्याशी आधीच ओळख झालेली आहे.

३/
ही कल्पना वेबइतकीच जुनी आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वेब जन्मले आणि तिथल्याच वेब-सर्व्हरमध्ये प्रॉक्सीची सोय करण्यात आली. मे १९९४ मध्ये जिनिव्हात पहिली आंतरराष्ट्रीय वेब परिषद भरली. तीत सर्नचे आरी लुओटोनेन आणि इंटेलचे केविन आल्टिस यांनी वेब प्रॉक्सींवर निबंध सादर केला. संस्थांच्या संरक्षक भिंतींआड बसलेल्या संगणकांना बाहेरचे वेब दाखवावे आणि जाताजाता प्रतीही साठवाव्यात, हा त्यातील विचार होता.

४/
सर्नचा प्रॉक्सी चालायचा. पण प्रत्येक मागणीसाठी तो स्वतःची एक नवी प्रत, म्हणजे नवी प्रक्रिया, उभी करी. युनिक्सच्या जगात याला ‘फोर्क’ म्हणतात. दहा माणसे आली तर दहा प्रक्रिया, पाचशे आली तर पाचशे. प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक नवा नोकर ठेवण्यासारखेच ते. त्या काळच्या स्मृतीत आणि वेगात हे परवडणारे नव्हते.

५/
यावर उपाय निघाला तो ‘हार्वेस्ट’ या संशोधन प्रकल्पात. अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेचे पाठबळ असलेला हा प्रकल्प कोलोरॅडो विद्यापीठ आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ येथील संशोधकांचा होता. हार्वेस्ट म्हणजे सुगी. इंटरनेटवर विखुरलेली माहिती गोळा करणे, तिची सूची बनवणे आणि तिच्या प्रती साठवणे असा त्याचा व्याप होता. प्रती साठवणारा जो भाग होता, त्याविषयीचा निबंध अनावत चांखुन्थोड, पीटर डॅन्झिग, मायकेल श्वार्ट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी जानेवारी १९९६ मध्ये युसनिक्सच्या परिषदेत मांडला.

६/
हार्वेस्टच्या प्रॉक्सीने नोकरांची फौज मोडीत काढली. एकच प्रक्रिया, आणि तिने सगळ्या गिऱ्हाइकांकडे आळीपाळीने पाहायचे. कोणाचा डेटा आला आहे, कोणाला उत्तर पाठवता येईल, हे ऑपरेटिंग सिस्टिमला विचारायचे. जो तयार आहे त्याचे थोडे काम उरकायचे आणि पुढच्याकडे वळायचे. कुठेही थांबून राहायचे नाही. वेग कित्येक पटींनी वाढला.

७/
पण या रचनेची एक किंमत होती आणि पुढील सारा इतिहास त्या किमतीचा आहे. पाचशे प्रक्रियांपैकी एक कोसळली तर एकाच वापरकर्त्याचे पान अडते. एकच प्रक्रिया असेल आणि ती कोसळली, तर संपूर्ण विद्यापीठाचे वेब बंद पडते. कोडच्या एखाद्या कोपऱ्यात, अगदी गोफरच्या कोपऱ्यात का होईना, एक चूक राहिली, की तिचे परिणाम सगळ्यांना भोगावे लागतात. एरवी किरकोळ ठरला असता असा दोष इथे सार्वजनिक होतो.

८/
१९९६ पर्यंत हार्वेस्ट प्रकल्पाचा शेवट जवळ आला होता. कॅशच्या कोडला दोन फाटे फुटले. डॅन्झिग यांनी व्यापारी मार्ग धरला. त्या शाखेतून ‘नेटकॅश’ हे उत्पादन निघाले आणि १९९७ साली ते नेटवर्क अप्लायन्स या कंपनीकडे गेले. दुसरी शाखा खुली राहिली. कोलोरॅडोत कॅशिंगचाच अभ्यास केलेले डुएन वेसल्स हे एनएलएएनआर, अर्थात नॅशनल लॅबोरेटरी फॉर अप्लाइड नेटवर्क रिसर्च, या सॅन दिएगोस्थित संस्थेत तिच्यावर काम करू लागले. पैसा अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा होता. जुलै १९९६ मध्ये या शाखेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली.

९/
नाव ठरले स्क्विड. कोकणच्या मासळीबाजारात ज्याला माकूळ म्हणतात, तोच प्राणी. या नावामागे काही खोल अर्थ शोधण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात प्रकल्पाने स्वतः दिलेले उत्तर फार साधे आहे. चांगली नावे आधीच घेतली गेली होती, हे विकासाच्या काळातले तात्पुरते नाव होते, आणि तेच चिकटले.

१०/
नव्या नावाखाली जुना कोड होताच. स्क्विडच्या अनेक मूळ फाइलींच्या माथ्यावर, जिथे लेखकाचे नाव लिहायचे, तिथे कोण्या व्यक्तीऐवजी ‘हार्वेस्टमधून आलेले’ अशा अर्थाची दोन शब्दांची नोंद असे. गोफरची फाइल त्यांपैकीच एक. वाड्याच्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव तसेच राहावे, तशी ही नोंद वर्षानुवर्षे राहिली.

११/
आता सुवाह्यतेकडे वळू. सुवाह्यता म्हणजे एकाच प्रोग्रामचा कोड वेगवेगळ्या यंत्रांवर नेऊन चालवता येणे. आजच्या वाचकाला हा प्रश्न किरकोळ वाटेल, कारण आजचे बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. १९९६ चे चित्र निराळे होते. सनचे सनओएस आणि सोलारिस, डिजिटलचे डिजिटल युनिक्स, एचपीचे एचपी-यूएक्स, आयबीएमचे एआयएक्स, सिलिकॉन ग्राफिक्सचे आयरिक्स, नेक्स्टस्टेप, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, लिनक्स! सगळे स्वतःला युनिक्स किंवा युनिक्ससारखे म्हणवीत, आणि प्रत्येकाचे वागणे थोडे थोडे निराळे. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. इथे दर कंपनीगणिक बदले.

१२/
विद्यापीठांकडे जे यंत्र असेल त्यावरच प्रॉक्सी चालवायचा असे. त्यामुळे स्क्विडला या सगळ्या बोली शिकणे भाग होते. त्यासाठी १९९१ पासून उपलब्ध असलेले ‘ऑटोकॉन्फ’ हे साधन कामी आले. प्रोग्राम बांधण्यापूर्वी एक ‘कॉन्फिगर’ नावाची लिपी चालते. हे फलन इथे आहे का? हा आकडा किती बिटांचा आहे? ही सोय खरोखर चालते, की नुसती नावाला आहे? असे शेकडो प्रश्न ती यंत्राला विचारते आणि मिळालेल्या उत्तरांनुसार कोडची रूपे निवडते.

१३/
प्रत्यक्षात हे किती नाजूक होते, त्याचे सर्वोत्तम उदाहरण फाइल डिस्क्रिप्टरांचे. युनिक्समध्ये उघडलेल्या प्रत्येक फाइलीला आणि प्रत्येक नेटवर्क-जोडणीला एक क्रमांक मिळतो. प्रॉक्सीला एका मागणीसाठी एक क्रमांक गिऱ्हाइकाच्या जोडणीला, एक दूरच्या सर्व्हरला आणि एक डिस्कवरच्या साठ्याला, असे तीन-तीन क्रमांक लागू शकतात. आणि एका प्रक्रियेला मिळणाऱ्या क्रमांकांवर ऑपरेटिंग सिस्टिमची मर्यादा असते. हार्वेस्टच्या ‘एकच प्रक्रिया’ या तत्त्वामुळे सगळ्या गिऱ्हाइकांचे क्रमांक त्या एकाच मर्यादेत बसवावे लागत. त्या काळी ही मर्यादा कुठे २५६, तर कुठे १०२४ होती.

१४/
त्यातही ‘सिलेक्ट’ या फलनाचा स्वतंत्र फास होता. कोणती जोडणी तयार आहे हे विचारण्यासाठी सिलेक्टला बिटांची एक पट्टी द्यावी लागते आणि त्या पट्टीची लांबी प्रोग्राम बांधतानाच ठरून गेलेली असते. पट्टी १०२४ बिटांची असताना क्रमांक ११०० ची जोडणी तिच्यात मांडली, तर ती खूण पट्टीबाहेरच्या स्मृतीत उमटते. तिथे दुसराच काही डेटा असतो. प्रोग्राम तत्काळ पडत नाही. थोड्या वेळाने, भलत्याच ठिकाणी, भलत्याच कारणाने पडल्यासारखा दिसतो. दोष शोधणाऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट प्रकार क्वचितच असेल.

१५/
स्क्विडची कॉन्फिगर लिपी म्हणून बांधणीच्या वेळीच ही मर्यादा मोजून घेई. पण ती मोजे बांधणाऱ्याच्या त्या क्षणीच्या शेलमधली मर्यादा. व्यवस्थापकाने नंतर सिस्टिमची मर्यादा वाढवली, तरी आधीच बांधलेल्या स्क्विडला त्याचा पत्ता नसे. मर्यादा वाढवा, सगळे पुसून टाका, कॉन्फिगर पुन्हा चालवा, पुन्हा बांधा, असा उपदेश मदतीच्या पानांवर वर्षानुवर्षे छापला गेला. ‘तुमच्या कॅशकडील फाइल डिस्क्रिप्टर संपत आले आहेत’ हा इशारा नोंदवहीत पाहून ज्यांची झोप उडाली, असे व्यवस्थापक जगभर होते.

१६/
सुटका टप्प्याटप्प्याने झाली. आधी ‘पोल’ नावाचे फलन आले. त्यात पट्टीची लांबी आधी ठरवावी लागत नसे. पण तेही हजारो जोडण्यांची यादी दर खेपेस नव्याने चाळत बसे. मग २००० साली फ्रीबीएसडीमध्ये ‘केक्यू’ आले आणि २००२ साली लिनक्सच्या विकास-आवृत्तीत ‘ईपोल’. दोन्हींचे काम तेच, पण बोली पूर्ण वेगळी. सोलारिसने तिसरीच वाट धरली. परिणामी स्क्विडमध्ये एकाच कामाची चार-पाच रूपे शेजारीशेजारी नांदू लागली, आणि एका रूपातला दोष दुसऱ्यात दिसेलच अशी खात्री उरली नाही.

१७/
सोलारिसवरचा एक किस्सा सांगण्याजोगा आहे. त्याच्या ३२-बिटी मानक ग्रंथालयात उघडलेल्या फाइलीचा क्रमांक एका बाइटात साठवला जाई. एका बाइटात २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. म्हणजे जोडण्यांसाठी हजारो क्रमांक उपलब्ध करून दिले, तरी साधी फाइल वाचण्याचे नेहमीचे फलन मात्र २५६ व्या क्रमांकापासून नकार देई. अनेक जोडण्या एकाच वेळी सांभाळणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामच्या मार्गात हा खड्डा होता. बाइट का वाढवला नाही? कारण जुने, आधीच बांधलेले प्रोग्राम मोडले असते. मागची सुसंगती राखण्याचा हा मोबदला होता.

१८/
आणखी एक दोष मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल. सी भाषेत ‘हे अक्षर रिकामी जागा आहे का?’, ‘हा अंक आहे का?’ असे विचारणारी छोटी फलने आहेत. ती एका तक्त्यात पाहून उत्तर देतात. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक ० ते १२७ या टप्प्यात असल्याने तिथे काही अडत नाही. देवनागरीचे तसे नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत ‘क’ लिहायला तीन बाइट लागतात आणि त्या तिन्हींचे मूल्य १२७ हून अधिक असते.

१९/
आता गोम अशी, की सी भाषेने साधे ‘कॅर’ हे रूप ऋण मूल्ये घेऊ शकते की नाही, हे ठरवलेलेच नाही. ते प्रत्येक यंत्रावर सोडले. इंटेलच्या यंत्रांवर ते ऋण होऊ शकते. एआयएक्स आणि आयरिक्सवर होत नसे. म्हणजे तोच बाइट एकीकडे २२४ वाचला जाई आणि दुसरीकडे उणे ३२. उणे ३२ व्या ओळीत पाहायचे म्हणजे तक्त्याच्या बाहेर, त्याच्या आधीच्या स्मृतीत डोकावायचे! कधी चुकीचे उत्तर मिळे, कधी प्रोग्राम कोसळे, कधी काहीच बिघडत नसे. इंग्रजी मजकुरावर तपासणाऱ्याला हा दोष जन्मात सापडला नसता.

२०/
स्क्विडच्या लेखकांनी यावर साधा तोडगा काढला. या प्रत्येक फलनाच्या नावाआधी ‘एक्स’ लावून स्वतःची एक-एक जोड-आवृत्ती बनवली. ती बाइटाला आधी धन आकड्यात बदलते आणि मगच मूळ फलनाकडे देते. बदल एका ओळीचा. पण मूळ फलन जिथे जिथे वापरले असेल, तिथे तिथे जाऊन तो करावा लागतो. दुरुस्तीच्या इतिहासात असल्या कंटाळवाण्या कामाला कोणी पोवाडे गात नाही. प्रॉक्सी टिकला मात्र त्यामुळेच.

२१/
मजकूर रचण्याच्या फलनाचीही अशीच कथा. जुन्या सिस्टिमांवर लांबीची मर्यादा पाळून मजकूर रचणारे ‘एसएनप्रिंटएफ’ नसे. १९९९ च्या सी मानकाने ते सर्वत्र अनिवार्य केले. त्यापूर्वी ज्याची त्याची मर्जी. ते नसेल तर कोड लिहिणारा मर्यादा न पाळणारे जुने फलन वापरणार, आणि मजकूर ठरलेल्या जागेबाहेर सांडणार. म्हणून स्क्विडने त्याची एक प्रत आपल्याच गाठोड्यात बांधून घेतली. सुवाह्यता आणि सुरक्षितता हे दोन वेगळे विषय मानण्याची प्रथा आहे. इथे ते एकच होते.

२२/
स्मृतीचेही तेच. स्क्विड महिनोन्‌महिने न थांबता चाले, लक्षावधी लहान तुकडे घेई आणि सोडी. काही सिस्टिमांवरचे स्मृती वाटणारे फलन या माऱ्यापुढे टिकत नसे आणि प्रोग्राम फुगत जाई. मग दुसरे वाटप-ग्रंथालय जोडण्याची सोय करण्यात आली आणि सारख्या आकाराच्या तुकड्यांचे स्वतःचे साठेही ठेवले गेले. साठवलेल्या प्रत्येक वस्तूची ओळख म्हणून आधी पूर्ण पत्ता स्मृतीत ठेवला जाई. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याजागी एमडी५ पद्धतीने काढलेला १६ बाइटांचा ठसा आला. तरीही डिस्कवरील दर एक जीबी साठ्यामागे सुमारे १० एमबी स्मृती धरावी, असा ठोकताळा सांगितला जाई. ६४-बिटी यंत्रांवर तोच आकडा १४. पत्ते लांब झाले की वहीही जाड होते.

२३/
आणि कोसळण्याचे काय? स्क्विडच्या कोडमध्ये ठिकठिकाणी ‘हे असेच असले पाहिजे, नसेल तर थांब’ अशा चौक्या पेरलेल्या आहेत. चुकीच्या स्थितीत पुढे जाण्यापेक्षा प्रोग्रामने स्वतःहून मरावे, हे धोरण. सुरुवातीच्या काळात ‘रनकॅश’ नावाची छोटी शेल लिपी पहारा देई आणि स्क्विड पडला की पुन्हा उठवी. पुढे हे काम स्क्विडच्याच एका पालक-प्रक्रियेने घेतले. धोरण शहाणपणाचे होते. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की चौकीला धडकेल अशी मागणी रचणाऱ्या कोणालाही संपूर्ण प्रॉक्सी पाडता येतो. ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

२४/
काही दोष कोडमध्ये नव्हते, मूळ कल्पनेतच होते. अनेक प्रॉक्सी एकमेकांना ‘हे पान तुझ्याकडे आहे का?’ असे विचारत. या आयसीपी नावाच्या भाषेतही नातीगोती होती: कोणी ‘पालक’, कोणी ‘भावंड’. वेसल्स आणि के. क्लॅफी यांनी तिचे वर्णन सप्टेंबर १९९७ मध्ये आरएफसी २१८६ व २१८७ या दस्तऐवजांत केले. पण आयसीपीच्या प्रश्नात केवळ पत्ता असे. ‘मला ताजीच प्रत हवी’ यांसारख्या अटी नसत. भावंड ‘आहे’ म्हणे, आणि प्रत्यक्ष मागितल्यावर प्रत शिळी निघे. जानेवारी २००० मध्ये पॉल विक्सी आणि वेसल्स यांनी मांडलेल्या एचटीसीपीत या अटीही पाठवण्याची सोय झाली.

२५/
एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटू शकते. त्या काळी समुद्राखालच्या जोडण्या अरुंद आणि महाग होत्या. ब्रिटनमधील विद्यापीठांच्या जॅनेट या जाळ्यासाठी लफबरो आणि मँचेस्टर विद्यापीठे राष्ट्रीय वेब कॅश चालवीत, आणि १९९८ पासून अटलांटिकपलीकडून येणाऱ्या डेटाचा आकार विद्यापीठांकडून वापरानुसार घेतला जाऊ लागला. कॅशमधून दिलेले प्रत्येक पान म्हणजे रोख बचत होती. प्रॉक्सी तासभर बंद पडला, तर त्या तासाचे बिल येई.

२६/
२००० च्या जुलैत नॅशनल सायन्स फाउंडेशनचे अनुदान संपले. हा या कथेतला सर्वांत निर्णायक क्षण, आणि त्याची फारशी चर्चा होत नाही. त्यानंतर स्क्विड स्वयंसेवकांच्या हाती गेला: स्वीडनचे हेन्रिक नॉर्डस्ट्रॉम, ऑस्ट्रेलियाचे रॉबर्ट कॉलिन्स आणि एड्रियन चॅड, पुढे न्यूझीलंडचे एमॉस जेफ्रीज. वापर वाढत होता आणि पगारी माणूस उरला नव्हता. वेसल्स यांनी २००४ साली ओरायलीतर्फे स्क्विडवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा प्रोग्राम कीर्तीच्या शिखरावर होता.

२७/
त्याच वर्षी विकिपीडियाच्या सर्व्हरांपुढे स्क्विड उभा राहिला. इथे भूमिका उलटी: वापरकर्त्यांच्या बाजूने नव्हे, वेबसाइटच्या बाजूने. अनेक वर्षे मराठी विकिपीडियाची पानेही याच स्क्विडमधून वाचकांपर्यंत गेली. मराठी पानाच्या पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि टक्केवारीच्या खुणेने लिहिले की नऊ अक्षरांचे. ‘शिवाजी’ एवढ्या लहान शब्दाची सहा चिन्हे पत्त्यात चौपन्न अक्षरे व्यापतात.

२८/
लांब, अनपेक्षित मजकूर हाच जुन्या कोडचा शत्रू होता. फेब्रुवारी २००२ मध्ये जाहीर झालेल्या एका सूचनेनुसार, विशिष्ट रीतीने रचलेल्या एफटीपी पत्त्याने स्क्विडची स्मृती राखीव जागेबाहेर सांडत असे. जानेवारी २००५ मध्ये पाळी आली गोफरची. गोफर सर्व्हरचे उत्तर वेबपानात रूपांतरित करणाऱ्या फलनाला फार लांब ओळ मिळाली, तर तेच घडे. हल्लेखोराने एक बनावट गोफर सर्व्हर उभारायचा आणि प्रॉक्सीला तिकडे जायला लावायचे. एवढे पुरेसे होते. गोफर कोणी वापरत नसे, हे त्याला अडथळा नव्हते. दार वापरात नसले तरी त्याची कडी तुटकी असू शकते.

२९/
तोवर स्क्विडला नवी भाषा देण्याचे काम सुरू झाले होते. तिसऱ्या आवृत्तीसाठी सी सोडून सी++ निवडण्यात आली. ती आवृत्ती डिसेंबर २००७ मध्ये स्थिर ठरली. दरम्यान जुनी दुसरी शाखाही चालूच राहिली आणि २००८ मध्ये तिची २.७ ही आवृत्ती आली. मूठभर स्वयंसेवकांना एकच दोष दोन भाषांत दोनदा दुरुस्त करावा लागे. भाषांतर झाले म्हणून जुनी रचना बदलली असेही नाही. हार्वेस्टच्या काळची फलने नव्या पोशाखात तशीच उभी होती.

३०/
२००६ साली डेन्मार्कचे पोल-हेनिंग काम्प यांनी ‘व्हार्निश’ हा नवा प्रोग्राम लिहिला आणि स्क्विडच्या रचनेवर कठोर टीका केली. आधुनिक ऑपरेटिंग सिस्टिम स्मृती आणि डिस्क यांची देवाणघेवाण स्वतःच उत्तम करते. स्क्विड तेच काम स्वतः करू पाहतो आणि दोघांची झोंबाझोंबी होते, असा त्यांचा मुद्दा. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर होता. पण त्यात इतिहासाला न्याय मिळत नाही. ज्या काळी दहा सिस्टिमांपैकी कोणत्याच सिस्टिमवर विसंबता येत नव्हते, त्या काळी स्वतःचे काम स्वतः करणे हाच सुवाह्य राहण्याचा मार्ग होता. व्हार्निशला फ्रीबीएसडी आणि लिनक्स आयते मिळाले. विकिपीडियानेही पुढे स्क्विड सोडून व्हार्निश घेतला.

३१/
मग वेबच बदलले. पाने कुलूपबंद होऊन, एचटीटीपीएसमधून, जाऊ लागली. मधल्या अडत्याला पेटीत काय आहे ते दिसेना. दिसत नाही त्याची प्रत ठेवणार कशी? स्क्विडचे काम साठवणुकीकडून प्रवेश-नियंत्रण आणि नोंदींकडे सरकले. वापर थांबला नाही. पण त्याच्याकडे उत्साहाने पाहणारे डोळे कमी झाले.

३२/
२०२१ साली एका सुरक्षा-संशोधकाने स्क्विडचा कोड मुळापासून तपासला. हाताने वाचून, यांत्रिक विश्लेषण करून आणि विस्कळीत मागण्यांचा यंत्राद्वारे मारा करून. त्याला ५५ दोष सापडले. ते त्याने प्रकल्पाला कळवले आणि वाट पाहिली. अडीच वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्याने ती यादी जाहीर केली, तेव्हा ५५ पैकी ३५ दोष अजून दुरुस्त व्हायचे होते. दिरंगाईचा ठपका त्याने ठेवला नाही. दुरुस्ती करायला प्रकल्पाकडे पुरेशी माणसेच नाहीत, असे त्याने लिहिले. २००० च्या जुलैत जे घडले, त्याचा हा हिशेब.

३३/
गोफरचा कोड या काळात आणखी दोनदा चर्चेत आला. २०२२ मध्ये गोफर सर्व्हरच्या उत्तरामुळे स्क्विड बंद पडू शकतो, असा दोष जाहीर होऊन त्याची दुरुस्ती झाली. पुढे रिकाम्या पत्त्याकडे बोट दाखवणारा आणखी एक दोष निघाला. परिणाम तोच, संपूर्ण प्रॉक्सी बंद. या वेळी दुरुस्ती करण्यात आली नाही. सहाव्या आवृत्तीतून ती फाइलच काढून टाकण्यात आली, आणि जुन्या आवृत्त्या चालवणाऱ्यांना कळवण्यात आले, की आपल्या नियमांत गोफरच्या सर्व मागण्या नाकाराव्यात.